देखावा कुणाच्या जिवावर?

उंचावर घर बांधावे, सकाळी खिडकी उघडताच धुके खाली दरीत असावे आणि आपण मात्र वर कोवळ्या उन्हात असावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. राजांनी ती गडांवर पुरी केली, धनिकांनी थंड हवेच्या ठिकाणी. ज्यांना यातले काहीच शक्य नसते असे आपण सारे सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या उंचीवर चढतो, तासभर उभे राहतो आणि समाधानाने खाली उतरतो. त्यात गैर काही नाही. सौंदर्याची भूक ही परमेश्वरानेच माणसाच्या ठायी ठेवलेली भूक आहे, असे मी मानतो. परंतु जो देखावा आपल्याला सुखावतो तो जर कुणाला तरी दृष्टिआड करून निर्माण केलेला असेल, तर त्याचा आनंद निर्वेधपणे घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

हा प्रश्न हवेत तरंगत ठेवण्यापेक्षा एका खऱ्या घराच्या आधाराने तपासून पाहू. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल या गावाजवळ, सुमारे ८५० फूट उंचीच्या एका टेकडीवर ‘मॉन्टिसेलो’ नावाचे घर आहे. इटालियन भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘लहानसा डोंगर’. राजधानी वॉशिंग्टनहून मोटारीने दोन-तीन तासांत तेथे जाता येते. ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत अशा आपल्यापैकी काहींना त्याचे दर्शन घडलेही असेल. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ साली हे घर कोरले गेले, आणि १९८७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन याने हे घर स्वतः आखले, बांधले, अर्धेअधिक पाडून पुन्हा बांधले. १७६८ साली सुरू झालेले हे काम १८०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, चालू होते. पालादिओ या इटालियन वास्तुविशारदाची पुस्तके त्याच्यापुढे होती. पांढरे खांब, लाल विटा, मध्यभागी घुमट, पश्चिमेला हिरवळ आणि तिच्यापलीकडे निळसर डोंगरांची रांग. हे घर सुंदर आहे, हे प्रथम निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. ते कुरूप असते तर आपले काम किती सोपे झाले असते!

आता हे सौंदर्य कसे उभे राहिले ते पाहू. डोंगराचा माथा मुळात सपाट नव्हता. १७६८ च्या मे महिन्यात जेफर्सनने एका गृहस्थाशी करार केला: नाताळपर्यंत माथ्यावर २५० फूट लांब व तितकीच रुंद जागा सपाट करून द्यावी, मोबदला १८० बुशेल गहू आणि २४ बुशेल मका. कराराच्या नोंदीत गव्हाचे माप आहे. फावडी-कुदळी हाती घेऊन तो माथा ज्यांनी खणला त्यांची नावे नाहीत. मग विहीर. डोंगरमाथ्यावर पाणी कुठून असणार? खडक फोडून ६५ फूट खोल विहीर खणली, पण ती वारंवार आटे. ती आटली की खालच्या झऱ्यांवरून पाणी वर वाहून आणावे लागे. उंचावरच्या देखाव्याची किंमत अशी रोज, घागरीघागरीने चुकती होत होती. आणि ती चुकती करणारी माणसे देखावा पाहणाऱ्यांहून वेगळी होती. जेफर्सनच्या हयातीत एकूण ६०७ स्त्री-पुरुष व मुले त्याच्या मालकीची होती. मॉन्टिसेलोवर एका वेळी साधारणपणे १३० गुलाम राहत. दक्षिणेच्या उतारावर हजार फूट लांबीचा भाजीमळा डोंगर कापून काढलेला आहे. तो कापणारे हातही गुलामांचेच होते.

या घराची मांडणी मला विशेष विचारात पाडते. मोठ्या वाड्यांना स्वयंपाकघर, धुलाईघर, तबेला, कोठार असे सारे लागते. त्या काळच्या इतर जमीनदारांच्या घरांभोवती ही खोपटी पसरलेली असत. जेफर्सनने ती उताराचा फायदा घेऊन दोन लांब गच्च्यांच्या खाली दडवली. वर गच्चीवर पाहुणे फिरत, पायांखाली चूल पेटलेली असे. घराच्या पोटातून एक बोगद्यासारखा मार्ग या दोन्ही बाजूंना जोडतो. त्यातून ताटे, सरपण, पाणी, मद्य यांची ये-जा होई. भोजनगृहात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लहान कप्पे आहेत. तळघरातून मद्याच्या बाटल्या त्यांत ठेवून दोरीने वर चढवीत. भिंतीत एक फिरते दार आहे, त्याला पाठीमागे फळ्या. बाहेरून कुणीतरी त्या फळ्यांवर पदार्थ मांडायचे, दार फिरवायचे, की ताटे आपोआप आल्यासारखी खोलीत दिसत. अन्न आणणारा माणूस मात्र दिसत नसे. असे म्हणतात की, गुलामांच्या कानांवर आपल्या गप्पा पडू नयेत यासाठीही पाहुण्यांना ही सोय आवडे. त्या गप्पा अनेकदा स्वातंत्र्याविषयीच असत, हे वेगळे सांगायला नको.

प्रवेशदालनातील मोठे घड्याळही असेच बोलके आहे. त्याला दोन तबकड्या आहेत. आतल्या तबकडीवर तास, मिनिटे, सेकंद सारे दिसते. बाहेरच्या तबकडीला फक्त तासकाटा. बाहेर राबणाऱ्यांना तेवढे पुरे, असा त्यामागचा विचार. घड्याळाची वजने दोरीने खाली उतरत जातात आणि भिंतीवरच्या खुणांवरून वार कळतो. खोलीची उंची कमी पडली म्हणून जमिनीला भोके पाडली आणि शनिवारची खूण तळघरात गेली.

एखादा वास्तुशास्त्रज्ञ म्हणेल, ‘यात एवढे शोधण्यासारखे काय आहे? देखावा मोकळा राहावा ही केवळ अभिरुची होती.’ मला हे मान्य आहे. अभिरुचीच होती. पण अभिरुचीलाही अंतःकरण असते, आणि काय दिसू नये हे ठरविणे हा नैतिक निर्णय असतो. १७८६ साली पॅरिसहून एका स्त्रीला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात जेफर्सनने आपल्या डोंगराचे वर्णन केले आहे. वादळाच्या वर उभे राहून निसर्गाची कर्मशाळा पायांशी पाहावी, ढग, पाऊस, गारा खाली घडताना दिसाव्यात, अशा आशयाचे ते लिखाण आहे. भाषेवर लोभ जडावा असे आहे. मात्र पुढे बांधलेल्या त्या गच्च्यांच्या खाली आणखी एक कर्मशाळा होती. घराजवळ तुतींच्या झाडांचा सुमारे १३०० फूट लांबीचा रस्ता होता. त्याच्या कडेला सुतारशाळा, लोहारशाळा आणि १७९४ पासून खिळ्यांचा कारखाना होता. त्यात दहा ते सोळा वर्षांची मुले खिळे ठोकीत. कुणी किती खिळे केले आणि किती लोखंड वाया घालवले, याचा हिशेब धनी स्वतः ठेवी. ढगांची कर्मशाळा डोळ्यांना दिसत होती. ही दिसत नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण तिची वही त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

आपल्या महानगरांतील नव्या इमारतींत घरकामाच्या बायांसाठी आणि सामानासाठी मागच्या बाजूला वेगळे उद्वाहन असते, हे लिहिता लिहिता आठवले म्हणून सांगतो. त्याविषयी अधिक काही बोलत नाही.

जेफर्सनच्या बचावासाठी नेहमी पुढे येणारा युक्तिवाद असा की, तो आपल्या काळाचा माणूस होता. या युक्तिवादात काही तथ्य आहे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराचा निषेध लिहिला होता. तो इतरांनी वगळला. राष्ट्राध्यक्ष म्हणून १८०७ साली त्याने परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. गुलामगिरी हे पाप आहे हे तो लिहीत होता. या पापाबद्दल ईश्वराच्या न्यायाची भीतीही त्याने व्यक्त केली होती. म्हणजे अज्ञान ही त्याची अडचण नव्हतीच. आणि ‘त्या काळी’ वेगळे वागता येत नव्हते, हेही खरे नाही. १८१४ साली त्याचाच एक तरुण शेजारी, एडवर्ड कोल्स, याने पत्र लिहून त्याला विनविले की, गुलामांच्या मुक्तीसाठी आपण आपले नाव आणि वजन खर्च करावे. म्हाताऱ्याने उत्तर दिले की हे काम तरुणांचे आहे. कोल्सने ते शब्द मनावर घेतले. १८१९ साली त्याने आपल्या गुलामांना इलिनॉय येथे नेले, वाटेतच त्यांना मुक्त केले आणि कुटुंबप्रमुखांना जमिनी दिल्या. तोही व्हर्जिनियाचाच, तोही जमीनदाराचाच मुलगा.

त्याहून बोचणारी गोष्ट पोलंडचा वीर ताद्यूश कोश्चुश्को याची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढल्याबद्दल त्याला जे धन मिळाले ते त्याने १७९८ च्या मृत्युपत्रान्वये जेफर्सनच्या हाती सोपविले. या पैशांतून गुलाम विकत घ्यावेत, हवे तर जेफर्सनचे स्वतःचेच घ्यावेत, त्यांना मुक्त करावे, शिकवावे, अशी त्यात इच्छा होती. कोश्चुश्को १८१७ साली वारला. मृत्युपत्राचे कायदेशीर गुंते होते, जेफर्सन वृद्ध होता. त्याने ही जबाबदारी नाकारली. खटला १८५२ पर्यंत रेंगाळला आणि त्या पैशाने एकही माणूस मुक्त झाला नाही. मुक्तीचे मोल दुसऱ्या कुणीतरी आधीच काढून ठेवले होते. उणीव होती ती फक्त पुढे केलेल्या हाताची.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्या वाचकांना विशेष विचारप्रवृत्त करील. १८२० च्या सुमारास, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, जेफर्सनने पवित्र शुभवर्तमानांच्या ग्रीक, लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी प्रती घेतल्या आणि धारदार पात्याने त्यांतील वचने कापून एक वही तयार केली. चमत्कार, पुनरुत्थान, ख्रिस्ताचे दैवीपण, हे सारे त्याने वगळले आणि फक्त नैतिक शिकवण ठेवली. ही वही त्याने जगापासून लपवून ठेवली. पुढे १८९५ साली स्मिथसोनियन संस्थेने ती विकत घेतली. श्रद्धावंत माणसाला ही कापाकापी खटकते आणि ती खटकावीच. परंतु मला त्याने काय कापले यापेक्षा काय ठेवले याचे अधिक नवल वाटते. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाझरस यांचा दाखला त्याने ठेवला. त्या दाखल्यातील श्रीमंताने लाझरसला मारले नाही, हाकलले नाही. तो रोज मेजवानी झोडत होता आणि दाराशी कुणी पडले आहे हे त्याच्या जेवणाच्या आड येत नव्हते, इतकेच. टेकडीवरच्या त्या अभ्यासिकेत बसून, खाली चुलीपाशी राबणाऱ्या ईडिथ फॉसेट नावाच्या स्वयंपाकिणीने रांधलेले जेवून, एका बुद्धिमान माणसाने तो दाखला नेमका कापून घेतला आणि डिंकाने चिकटविला. त्या वेळी त्याच्या मनात काय होते? मला वाटते, मनात काहीच खटकले नसावे. शिकवणीवर प्रेम करणे आणि तिच्या कक्षेत स्वतःला उभे करणे, यांत जे अंतर आहे ते विद्वत्तेने कमी होत नाही, कधीकधी वाढते.

जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, मरण पावला. मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. हयातीत त्याने दोघांना मुक्त केले होते, मृत्युपत्राने आणखी पाच जणांना. १८२७ च्या जानेवारीत, त्याच घरासमोर, सुमारे १३० माणसांच्या विक्रीचा लिलाव पुकारला गेला. मृत्युपत्रात मुक्ती मिळालेल्या पाचांपैकी एक जोसेफ फॉसेट हा लोहार, ईडिथचा नवरा. त्याला मुक्ती होती, बायकोला आणि मुलांना नव्हती. ती वेगवेगळ्या मालकांकडे गेली. त्यांच्यातला पीटर अकरा वर्षांचा होता. बापाने पुढे त्याला विकत घेऊ पाहिले, पण नव्या मालकाने तो दिला नाही. पीटरने लपूनछपून वाचायला शिकून घेतले, दोनदा पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि अखेर १८५० च्या सुमारास कुटुंबीयांनी त्याची सुटका केली.

हे सारे वाचून कुणा कॅथलिक वाचकाला बाहेरच्या माणसाच्या पापाकडे सुरक्षित अंतरावरून पाहत असल्याचे समाधान वाटू लागले असेल, तर तेही काढून घेणे भाग आहे. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकले. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. विकले गेलेले लोक बाप्तिस्मा झालेले, मिस्साला गुडघे टेकणारे कॅथलिक होते. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. त्या विक्रीबद्दल विद्यापीठाने आणि येशूसंघाने जाहीर क्षमा मागितली ती २०१७ साली.

मग अशा घरी जावे की जाऊ नये? काही मंडळी म्हणतात, जाऊ नये. असल्या दगडांचे कौतुक म्हणजे अन्यायाचे कौतुक. दुसरी म्हणतात, जावे, बागा पाहाव्यात, दुःखाचा तो इतिहास उगाच उकरू नये. दोन्ही मते परस्परविरोधी वाटली, तरी दोघांचेही एका बाबतीत एकमत आहे: ते सौंदर्य जेफर्सनचे आहे, असे दोघेही धरून चालतात. मला हेच मान्य नाही. त्या घरातील नाजूक सुतारकाम पुष्कळसे जॉन हेमिंग्ज या गुलामाच्या हातचे आहे. जेफर्सनने कागदावर रेघ काढली आणि हेमिंग्जने त्या रेघेला लाकूड दिले. खिडकीची चौकट चोख बसली आहे ती त्याच्या नजरेमुळे. भोजनगृहातील ज्या फ्रेंच पाककलेची पाहुणे वाखाणणी करीत, ती जेम्स हेमिंग्ज पॅरिसमध्ये शिकला; मुक्तीच्या मोबदल्यात आपल्या भावाला ती शिकवून मगच १७९६ साली तो मोकळा झाला. कौतुक आवरते घेण्याची गरज नाही, ते योग्य पत्त्यावर पोहोचविण्याची आहे. एखाद्याच्या कष्टाची निर्मिती पाहून ‘हे पापाने विटाळले आहे’ म्हणून तोंड फिरविले, तर ज्याच्याकडून सर्व काही हिरावले गेले त्याच्याकडून त्याची कारागिरीही आपण हिरावून घेतो.

पण पत्ता कळण्यासाठी सांगणारे हवेत. हे घर १९२३ साली एका संस्थेने विकत घेतले, आणि पुढे अनेक वर्षे तेथील मार्गदर्शक गुलामांना ‘नोकर’ म्हणत. ‘जेवण वाढले जाई’, ‘विटा भाजल्या जात’ अशी कर्ता नसलेली वाक्ये असत. व्याकरणातही एक फिरते दार असते. सॅली हेमिंग्ज ही जेफर्सनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण आणि त्याच्या मालकीची गुलाम. तिच्या मुलांचा पिता तोच होता, हे १९९८ ची जनुकीय चाचणी आणि २००० सालचा संस्थेच्याच समितीचा अहवाल यांनंतर बहुतेक इतिहासकार मानतात. तिची असावी असे समजली जाणारी गच्चीखालची खोली १९४१ नंतर कित्येक वर्षे पर्यटकांचे प्रसाधनगृह होती. २०१८ साली ती तिच्या स्मरणार्थ खुली झाली. हा बदल आपोआप घडलेला नाही. १९९३ पासून संस्थेच्या अभ्यासकांनी गुलामांच्या वंशजांना शोधून त्यांच्या घराण्यांतील आठवणी नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा घराला पुन्हा आवाज फुटले.

अशा आठवणींतील एक फार पूर्वीच छापून आली होती. सॅलीचा मुलगा मॅडिसन याने आपली हकीकत ओहायोतील एका वृत्तपत्रात सांगितली ती १८७३ साली. त्याच वर्षी इकडे पुण्यात महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी, गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले. ती दोन माणसे एकमेकांना ठाऊक नव्हती. दूरच्या देखाव्यात फुल्यांना मात्र माणसे दिसली.

मॉन्टिसेलोला जाणाऱ्याने शक्य असेल तर मोटारीने थेट वर न जाता पायथ्यापासून निघणारी पायवाट धरावी. ती सुमारे तीन किलोमीटर आहे, चढ अगदी सौम्य. ओढ्या-घळींवर लाकडी फळ्यांचे पूल आहेत, चाकाच्या खुर्चीतील माणसालाही ती जमते. रानातून वर पोहोचल्यावर, वाहनतळाला लागून, झाडांखाली एक कुंपण घातलेली जागा दिसेल. तेथे गुलामांची सुमारे चाळीस थडगी आहेत. काहींच्या उशा-पायथ्याला साधे ओबडधोबड दगड, त्यांवर नाव नाही. जवळच, २०२३ साली उभारलेल्या पोलादी फलकावर जेफर्सनच्या गुलामगिरीतील माणसांची नावे कोरली आहेत. वरच्या रस्त्यावर जेफर्सनची समाधी आहे. तिच्यावर काय कोरावे हे त्याने स्वतः ठरवून ठेवले होते, आणि त्यात राष्ट्राध्यक्षपदाचाही उल्लेख नाही. मला ही दोन स्मशाने एकाच दिवशी पाहणे आवश्यक वाटते. कोणते आधी, हा ज्याचा त्याने ठरवावा.

लिलावात विकला गेलेला पीटर फॉसेट पुढे सिनसिनाटी शहरात बॅप्टिस्ट पाळक झाला. पळून येणाऱ्या गुलामांना त्याने आसरा दिला, मेजवान्यांची कंत्राटे घेऊन पोट भरले. आईची विद्या त्याच्या कामी आली. म्हातारपणी त्याला एकच ओढ लागून राहिली होती: तो डोंगर पुन्हा एकदा पाहायचा. मंडळीतील लोकांनी प्रवासाची सोय केली आणि १९०० साली, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन, तो मॉन्टिसेलोवर गेला. जेथून त्याला आईपासून तोडून नेले होते तेथे उभा राहून त्याने त्या निळ्या डोंगरांकडे पाहिले असेलच. पुढच्याच वर्षी तो वारला.